पाहुणा आपल्या घरचा, दस्तरखान मात्र परगावचा

उन्हाळा हा आपल्याकडे पाहुण्यांचा मोसम आहे. शाळांना सुट्टी लागते, निकाह ठरतात, वलीमा आणि अकीका एकाच आठवड्यात येतात. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून दुबई, कुवेत, दोहा येथे गेलेली कुटुंबे आंब्याच्या दिवसांत घरी परततात आणि महिनाभर त्या घरांत रोज कुणी ना कुणी जेवायला असते. त्यात आता बकरी ईदही उन्हाळ्यात आली आहे. २०२४ साली ती १७ जूनला झाली, २०२५ साली ७ जूनला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्या हिशेबाने २०२६ ते २०३० या वर्षांत बकरी ईद मेच्या अखेरीपासून सरकत सरकत एप्रिलच्या मध्यापर्यंत येते. चांद दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे, एवढेच. लग्नाची मेजबानी, सुट्टीचे पाहुणे आणि ईदची दावत असे तिन्ही एकाच कडक उन्हात पडण्याचा हा काळ आहे. कापडाच्या व्यापाऱ्याने ही गोष्ट रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे.

कारण मेजबानी म्हटली की केवळ मटण, मसाला आणि बर्फच विकला जातो असे नाही. कापडही विकले जाते. दस्तरखान, टेबलक्लॉथ, नॅपकिन, सोफ्यावरची चादर, गादीचे खोळ, पातळ पडदे, खाद्यपदार्थांवर झाकायचे सरपोश, यजमानिणीचा सुती जोडा, घरधन्याचा पांढरा कुर्ता-पायजमा. हा सगळा माल आपल्याच घरांत लागतो. मात्र त्याची चिठ्ठी उलटून पाहिली तर कुठे करूर, कुठे पानिपत, कुठे जयपूर, कुठे सुरत लिहिलेले असते. मालेगाव किंवा भिवंडी लिहिलेले क्वचितच दिसते. वास्तविक पाहता त्यातले बरेचसे कोरे कापड आपल्याच मागांवर विणलेले असते. ते ताक्यांच्या गठाणी होऊन पाली, बालोतरा, जेतपूर, अहमदाबाद येथे जाते, रंगते, छापले जाते, शिवले जाते आणि पिशवीत बसून आपल्याच बाजारात चौपट दिमाखाने परत येते. आपण मीटरने विकतो, दुसरा नगाने विकतो. सगळा फरक एवढाच आहे, आणि आज जे माग भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने मोजले जात आहेत, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे.

दस्तरखान गेला कुठे होता?

आपल्या लहानपणी घरोघरी कापडी दस्तरखान असे. जाड सुती कापड, बहुधा पिवळे किंवा लाल, काठाला वेलबुट्टी, कधी उर्दू शेर किंवा जेवणाची दुआ छापलेली. जेवण झाले की झटकून, घडी घालून, कोनाड्यात. मग दोन गोष्टी घडल्या. शहरांत घरे फ्लॅटची झाली आणि हॉलमध्ये जेवणाचे टेबल आले. दुसरीकडे प्लास्टिकच्या पातळ गुंडाळ्या आल्या, हव्या तेवढ्या फाडायच्या, जेवायचे आणि उष्ट्यासकट गुंडाळून फेकायचे. यजमानीण बाईचे धुणे वाचले हे खरे. पण मोहल्ल्याच्या कचराकुंडीत आणि नाल्यात ते प्लास्टिक काय करते ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून तशाच अनेक वस्तू बंद केल्या. कायद्याने हवा बदलली, आणि हवा बदलली की गिऱ्हाईकही बदलते.

दुकानाच्या गल्ल्यावर बसून जे दिसते ते असे. नवी पिढी घरी पाहुणे बोलावताना घर कसे दिसेल याचा विचार करते. हॉलमध्ये वलीमा करण्याची ऐपत असलेली माणसेसुद्धा साखरपुडा, अकीका, गच्चीवरची संध्याकाळची दावत घरीच करतात. शिकलेल्या मुली मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "चाचा, असा सेट पाहिजे." दस्तरखान, त्याच कापडाचे नॅपकिन, त्याच रंगाचे उशांचे अभ्रे. बैठक जमिनीवरची, गाद्या-लोड लावलेली, मध्ये कापडी दस्तरखान. टेबल असूनही मुद्दाम खाली बसायचे. याला कुणी फॅशन म्हणेल. आपल्यासाठी ती आपली जुनीच रीत आहे, फक्त आता ती दाखवण्यासारखी झाली आहे. आणि हे गिऱ्हाईक केवळ आपल्या समाजातले नाही. पुण्या-नाशिकच्या, ठाण्याच्या इतर घरांतूनही अशी खालची बैठक मांडली जाते आणि त्यासाठी लांब सुती कापड विचारले जाते.

अरुंद मागाचा फायदा

आता मुद्द्याचे. आमचे बांधव नेहमी सांगतात की आपले माग जुने, पन्हा अरुंद, आपण मोठा माल काय करणार? बेडशीटच्या बाबतीत ही तक्रार खरी आहे. सहा माणसांच्या टेबलाच्या बाबतीतही खरी आहे. असे टेबल साधारण ३६ बाय ६० इंचांचे असते. चारी बाजूंनी १० इंच लोंबते सोडले तर तयार कापड ५६ बाय ८० इंच हवे, दुमडपट्टी धरून ५८ बाय ८२. चव्वेचाळीस इंची कापडातून ते काढायचे तर मधोमध जोड येतो, आणि जोड असलेला टेबलक्लॉथ गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवते.

पण दस्तरखान हा टेबलक्लॉथ नव्हे. तो मुळातच लांब आणि अरुंद असतो. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या ताटांना आणि मधल्या काबींना मिळून ४० ते ४४ इंच पुरेसे होतात. कोरे कापड ४८ इंच असेल तर धुलाई-रंगाईनंतर ४४-४५ इंच हाती येते. म्हणजे आपल्या अरुंद मागाचा पन्हा हाच दस्तरखानाचा पन्हा. लांबीच्या दोन्ही बाजूंना मागाची किनारच असते, तिथे शिलाईची गरज नाही. फक्त दोन टोकांना दुमडपट्टी. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला दोन फूट जागा धरली तर ३ मीटरच्या दस्तरखानावर एका बाजूला पाच, असे दहा जण बसतात. ६ मीटरवर वीस. किनारीत रंगीत सुताचे चार-सहा धागे ताण्यातच टाकले तर छपाईशिवायही माल उठून दिसतो. आणि ज्याने कधी काळी रंगीत काठाची साडी विणली आहे, अशा मालेगावच्या विणकराला हे शिकवायला कोणी यायला नको.

याच कापडातून बाकी माल कसा निघतो तेही पाहा. ४४ इंचांच्या पन्ह्यात २० इंची दोन नॅपकिन आरामात बसतात. टेबलावर मधोमध टाकायची पट्टी, जिला रनर म्हणतात, साडेतेरा इंचांची घेतली तर पन्ह्यात तीन बसतात. ताटाखालची चटई, १३ बाय १९ इंचांची, त्याही आडव्या तीन. कातरण फार थोडे उरते. उरलेल्या मलमलीच्या तुकड्यांचे गोल सरपोश होतात. काठाला मणी ओवले की ते वाऱ्याने उडत नाहीत. उन्हाळ्यात माश्यांचा त्रास, शरबताचे जग, फिरनीच्या वाट्या, शेजारी पाठवायच्या ताटल्या. एका घरात सहा-आठ सरपोश सहज खपतात. मण्यांचे ते काम आपल्या घरातील भगिनी आधीपासून करत आल्या आहेत, फक्त विक्रीसाठी नव्हे.

कापड कोणते घ्यावे? दस्तरखानाला पातळ केंब्रिक चालत नाही, त्याला केसमेंटसारखे भरीव सुती कापड हवे, म्हणजे ते जमिनीवर सुरकुतत नाही आणि रस्सा लगेच खाली झिरपत नाही. नॅपकिनला मात्र मऊ आणि पाणी पिणारे कापड. येथे आमचे काही भाऊ पॉलिस्टर मिसळलेले कापड पुढे करतात, कारण ते स्वस्त पडते आणि इस्त्री मागत नाही. पण पॉलिस्टरचा नॅपकिन तोंड पुसत नाही, फक्त तेल इकडचे तिकडे करतो. एकदा असा नॅपकिन घेतलेली बाई दुसऱ्यांदा दुकानात येत नाही, आणि काही बोलतही नाही.

आकसण्याचा हिशेब सुरुवातीलाच धरावा. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आकसते. कापड आधी धुऊन, आकसवून मगच कापावे. घाईत हे टाळले तर तीन मीटरचा दस्तरखान पहिल्या ईदनंतर पावणेतीन मीटर होतो आणि नॅपकिन वाकडे होतात.

रंगाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. पाहुण्यांच्या जेवणात हळद, तेल आणि लाल तिखट हे तीन दुश्मन. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि बाई घाबरून त्यावर ब्लीच ओतते. ब्लीचने डाग जातो आणि सोबत कापडाचा रंगही जातो, कारण बहुतेक रिअॅक्टिव्ह रंग क्लोरीन सहन करत नाहीत. वॅट रंग सहन करतात, पण महाग पडतात. मग पाकिटात मराठी आणि उर्दूत दोन ओळींची चिठ्ठी घालावी, की हळदीचा डाग साध्या साबणाने धुऊन ओले कापड कडक उन्हात टाकावे, ऊन हळदीचा रंग खाऊन टाकते. उन्हाळ्यात ऊन फुकट आहे. ही एक चिठ्ठी किती परतफेडी वाचवते ते दुकानदारालाच कळते. जुन्या लोकांनी दस्तरखानाला पिवळा-लाल रंग दिला तो उगाच दिला नाही, असे मला नेहमी वाटते. आजच्या गिऱ्हाइकाला उन्हाळ्यात फिके रंग हवे असतात, मोतिया, फिका हिरवा, आकाशी. द्यावेत. पण जेथे ताट टेकते तो मधला पट्टा गडद ठेवावा आणि फिका रंग काठाला.

माल घेताना एक साधी परीक्षा. पांढरे फडके ओले करून रंगीत कापडावर दहा वेळा जोराने घासावे. फडक्यावर रंग आला तर तो माल परत. घासण्याआधीच "नाही जाणार हो" म्हणणाऱ्या प्रोसेसवाल्यावर विश्वास ठेवू नये.

दोन गावे

तामिळनाडूत अमरावती नदीकाठी करूर नावाचे गाव आहे. तेही आपल्यासारखेच विणकरांचे गाव. त्यांनी कोऱ्या कापडाच्या गठाणी विकत बसण्याऐवजी टेबलाचे, स्वयंपाकघराचे आणि बिछान्याचे तयार कापड शिवून परदेशी पाठवायला सुरुवात केली. आज घरगुती कापडाच्या निर्यातीत करूरचे नाव देशभर घेतले जाते. विणणारा, रंगवणारा, शिवणारा, घडी घालणारा, असे सगळे एकाच गावात पोट भरतात. अर्थात त्यांची चूकही डोळ्यांआड करता कामा नये. रंगाच्या पाण्याने त्यांची नदी बिघडली आणि प्रकरण न्यायालयात गेले. आमची मोसम नदी आधीच काय हालात आहे ते मालेगावकर जाणतात. म्हणून माझे मत असे की रंगाई आज जेथे पाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था आहे तेथेच मजुरीवर करून घ्यावी. पण कापड आपले, नमुना आपला, आणि परत आल्यावर कटिंग, शिलाई, पॅकिंग आपल्या गावात. माल विकून टाकणे वेगळे आणि रंगवायला पाठवणे वेगळे.

दुसरे गाव अजरखपूर. कच्छचे खत्री मुस्लिम कारीगर पिढ्यान्‌पिढ्या धमडका गावी अजरख छापत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते गाव उद्ध्वस्त झाले, आणि नंतर तिथल्या पाण्यात लोहाचा अंश वाढल्याने नैसर्गिक रंग नीट बसेनात. या कारीगरांनी भुजजवळ जमीन घेऊन नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या हुनराचेच नाव दिले. त्यांच्यातील इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कच्छ अजरखला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचा माल मोठ्या शहरांतील घरांत टेबलावर आणि दिवाणावर पसरलेला असतो आणि विकणारा आवर्जून सांगतो की हा अजरखपूरचा. सोलापूरच्या चादरीलाही असे मानांकन आहे, म्हणजे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात अनोळखी नाही. मालेगावचा दस्तरखान म्हणून एक नाव बाजारात उभे राहायला काही हरकत आहे काय? मानांकन नंतरची गोष्ट. आधी निदान प्रत्येक नगावर गावाचे नाव विणलेली चिठ्ठी तरी शिवावी.

पाकिस्तानी सूट आणि सुरतेची लॉन

मेजबानीच्या घरात पाहुणा प्रथम यजमानीण पाहतो, मग दस्तरखान. उन्हाळ्याच्या पेहरावात गेल्या काही वर्षांत लॉनने धुमाकूळ घातला आहे. लॉन म्हणजे ऐंशी-शंभर नंबरच्या बारीक, पिंजून नीट केलेल्या सुताचे घट्ट विणलेले पातळ कापड. हवा खेळती राहते, आणि मलमलीपेक्षा अंगावर नीट बसते. पाकिस्तानी लॉनच्या नावाची आपल्या बायकांना भारी ओढ. पण वस्तुस्थिती अशी की फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातकर लावला आणि मे २०२५ मध्ये तेथून येणारा माल, तिसऱ्या देशातून फिरून आलेलासुद्धा, पूर्ण बंद केला. त्यानंतरही "पाकिस्तानी सूट" म्हणून जे लटकलेले दिसते ते बहुतेक सुरतेचे असते. सुरतेच्या कारागिरीला नाव ठेवण्याचे कारण नाही, ते उत्तम नक्कल करतात. पण जे नाही ते आहे म्हणून विकणे हे आपल्या दीनमध्ये व्यापार नसून धोका आहे. भारतीय लॉन म्हणून विकावे, चांगले असेल तर तसेही विकले जाते.

फसवणूक नावापुरतीच राहत नाही. रेयॉन कॉटन म्हणून सर्रास खपवतात. जाळून पाहणारे येथे फसतात, कारण दोन्ही कागदासारखे जळतात आणि राखच होते. पॉलिस्टर जळले की घट्ट काळा मणी उरतो, ते ओळखणे सोपे. रेयॉन ओळखायचा तर धागा काढून मधोमध ओला करावा आणि ओढावा. रेयॉन ओला झाला की कमजोर होतो, चटकन तेथेच तुटतो. सूत ओले झाले तर उलट बळकट होते. ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. त्यासाठी लागते एक थेंब पाणी, आणि मिळते दहा वर्षांचे गिऱ्हाईक.

पुरुषांच्या कुर्त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पांढरे केंब्रिक किंवा पॉपलीन, सैल माप, बस. लखनौची चिकन ज्याला परवडते त्याने घ्यावी, पण हाताची आणि मशीनची यांत दर वेगळा लावावा.

पैसा कधी येतो

आमच्या धंद्याची खरी व्याधी उधारी ही आहे. मुंबईच्या एका पेढीने आमच्या ओळखीच्या कारीगराचे पैसे एका ईदपासून दुसऱ्या ईदपर्यंत अडकवले आणि वर माल हलका होता असे सांगितले. अशा गोष्टी प्रत्येक गल्लीत आहेत. पण आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याजही लागते. व्याज घेणे आपल्याला मंजूर नाही, ते ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावे. पण मूळ रक्कम मागण्याचा हक्क तर आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली की खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षाच्या हिशेबात वजा करता येत नाही. तेव्हापासून मोठ्या पेढ्यांचे मुनीम मार्च महिन्यात स्वतःहून फोन करू लागले.

मात्र यासाठी "उद्यम" नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, मोफत आहे, आधार क्रमांकावर होते. दलालाला हजार रुपये देण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. हे थकबाकीचे संरक्षण माल बनवणाऱ्याला आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. व्यापारी २०२१ पासून उद्यममध्ये नोंदवता येतो, पण तो बँक कर्जाच्या सवलतीपुरता. म्हणजे कापड विणून-शिवून देणारा कारीगर येथे आपल्यापेक्षा वरचढ आहे, आणि ते योग्यच आहे.

जीएसटीच्या भीतीने काहीजण तयार मालाकडे वळत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार घरगुती कापडावर ५ टक्केच कर आहे. पूर्वी ही मर्यादा १,००० रुपये होती. दस्तरखान, नॅपकिन, सरपोश सगळे त्यात बसतात. वर्षाला ४० लाखांच्या आत केवळ मालाची विक्री असलेल्या लहान व्यापाऱ्याला आपल्या राज्यात नोंदणी सक्तीचीही नाही. शिंप्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत दर्जी आहे, १५,००० रुपयांपर्यंतची अवजारांची मदत आहे. कर्ज सवलतीच्या व्याजाचे आहे, तेव्हा त्याचा विचार ज्याने त्याने करावा, पण प्रशिक्षण आणि अवजारे घ्यायला काय हरकत?

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण मांडतो. भाव रोज बदलतात, आकडे केवळ समजुतीसाठी. कोरे कापड ५० रुपये मीटर धरा. तीन मीटरच्या दस्तरखानाला आकसणे धरून सव्वातीन मीटर, म्हणजे १६३ रुपये. रंगाई-छपाई मीटरला २५ धरली तर ८१. शिलाई २०, चिठ्ठी आणि पाकीट १०. एकूण २७४. हा नग दुकानदाराला ३५० ला दिला तर ७६ रुपये राहतात, शिवाय शिलाईचे २० गावातच राहिले. तेच सव्वातीन मीटर कोरे विकले असते तर मीटरमागे रुपया-दोन रुपये पदरात पडले असते, तेही दलाली आणि तीन महिन्यांची वाट वजा करून. अर्थात माल पडून राहण्याचा धोका आता आपला. म्हणून पहिल्या मोसमात हजार नग करू नयेत. दोनशे करावेत, तीन रंगांत, आणि गावातल्याच दहा दुकानांतून पाहावे काय उठते.

एक गोष्ट मनात खुपते ती सांगतो. मेजबानीचा हा बाजार वाढावा असे लिहिताना इसराफ वाढावा असे मी म्हणत नाही. आमच्या मोहल्ल्यात अशी घरे आहेत जी शेजारणीसारखा सेट हवा म्हणून उधारीवर घेतात. पाहुण्याचा सन्मान ही ईमानाची बाब आहे, पण पाहुणा दस्तरखानाचा रंग पाहायला येत नाही. दहा वर्षे टिकणारा एक दस्तरखान विकावा, दर ईदला नवा नको. असा माल विकणारा कमी विकतो असे वाटते, परंतु त्याच्याकडे लोक मुलीच्या लग्नातही येतात.

आता वेळापत्रक. बकरी ईद दरवर्षी सरकते, त्यामुळे तयारी इंग्रजी महिन्यांवर बांधली तर दोन वर्षांत ती चुकते. हिजरी महिन्यांवर बांधावी. रबीउल आखिरमध्ये सूत आणि कोरे कापड घ्यावे. जमादिलअव्वल व जमादिलआखिर रंगाई-छपाईला द्यावेत, प्रोसेसवाला एक महिना सांगतो आणि दोन लावतो. रजबमध्ये कटिंग आणि शिलाई, कारण शाबान लागला की प्रत्येक शिंपी ईदच्या कपड्यांत बुडतो आणि तुमच्या नॅपकिनला कोणी हात लावत नाही. शाबानात पॅकिंग करून माल दुकानांत ठेवावा. रमजानच्या इफ्तारीत दस्तरखान आपोआप विकला जातो. शव्वालपासून निकाह सुरू होतात आणि तेथून बकरी ईदपर्यंत सत्तरएक दिवस विक्रीचे. जिल्हज लागल्यावर नवा माल भरू नये, जे उरले ते मुहर्रमच्या आधी मोजून ठेवावे. जुम्म्याची सुट्टी सोडून या सगळ्याचे दिवस आजच मोजावेत. रबीउल आखिर दिसतो तेवढा दूर नसतो.